अंथरुणाचें धुणें

इतिहास म्हटला म्हणजे वाचकांच्या डोळ्यांपुढें तह, लढाया, सनदा आणि वंशावळी उभ्या राहतात; आणि जो विषय घरांतील मोरीपाशीं सुरू होऊन दांडीवर वाळत पडतो त्यास इतिहास म्हणावें काय, अशी शंका पुष्कळांस येईल. परंतु मनुष्य आपल्या आयुष्याचा सुमारें तिसरा हिस्सा अंथरुणांत घालवितो. ज्या वस्त्राशीं त्याचा इतका निकट संबंध, तें केव्हां, कशानें, कोणाच्या हातून आणि कोणत्या समजुतीनें धुतलें जात आलें, हें पाहूं लागलें म्हणजे समाजाच्या मनाचे असे कांहीं पदर उलगडतात कीं, ते बखरींतून हातीं लागत नाहींत. अंथरुणावरची चादर घरच्या घरीं धुवावी ही गोष्ट आमच्याकडे कशी रूढ झाली, एवढाच प्रश्न प्रस्तुत लेखांत आम्ही विचारार्थ घेणार आहों.

ह्या प्रश्नाचें एक सोपें उत्तर सुशिक्षितांच्या तोंडीं तयार असतें. इंग्रजांबरोबर साबण आला, साबणाबरोबर स्वच्छता आली, आणि तत्पूर्वीं आमचे पूर्वज मळकट वाकळांत झोंपत असत, असें तें उत्तर. ह्याच्या अगदीं उलट दुसरें एक उत्तर आहे. आमच्या ऋषींस सर्व कांहीं ठाऊक होतें, आणि रिठा व शिकेकाई सोडून आम्ही साबणाच्या नादीं लागलों तेव्हांपासूनच आमची घसरगुंडी सुरू झाली, असें तें आहे. पहिलें उत्तर देणारे युरोपचा इतिहास वाचीत नाहींत आणि दुसरें उत्तर देणारे आपला वाचीत नाहींत. दोघेही धुण्याच्या द्रव्यावर अडून बसतात. पण खरा पालट द्रव्यांत झाला नसून धुण्याच्या हेतूंत झाला, असें आमचें मत आहे.

तथापि द्रव्यांपासूनच आरंभ करूं. मनुस्मृतीच्या पांचव्या अध्यायांत द्रव्यशुद्धीचें प्रकरण आहे. त्यांत रेशमी व लोकरी वस्त्रें खाऱ्या मातीनें, कांबळीं रिठ्यानें, तलम पट्टवस्त्रें बेलफळानें आणि जवसाच्या धाग्याचीं क्षौम वस्त्रें पांढऱ्या मोहरीनें शुद्ध करावीं असें सांगितलें आहे. याज्ञवल्क्यानें थोड्या फरकानें तेंच सांगून खाऱ्या पाण्याच्या जोडीस गोमूत्र दिलें आहे. ह्या यादींत अनुभवाचा अंश पुष्कळ आहे. रिठ्याच्या सालीला फेस येतो तो सॅपोनिन नांवाच्या द्रव्यामुळें. त्यांत तीव्र क्षार नसल्यामुळें लोकरीसारख्या प्राणिज तंतूस तो बाधत नाहीं. आजही जाणत्या घरांतून पैठणी रिठ्याच्या पाण्यांतच बुडविली जाते. सुताची गोष्ट वेगळी. सूत उकळलें, आपटलें, क्षारांत भिजविलें, तरी सोसतें. आणि आमचें बहुतेक अंथरूण सुताचें असल्यामुळें पुढचा सर्व इतिहास ह्या सोशिकपणावरच उभारलेला आहे.

पण धर्मशास्त्रकारांनीं अंथरुणापुरता एक निराळाच नियम घालून ठेविला आहे, आणि आमच्या विषयाची किल्ली त्यांत आहे. मिताक्षरेसारख्या ग्रंथांतून देवलाचें म्हणून एक वचन उद्धृत केलें जातें. त्याचा आशय असा कीं, कापसाची गादी, उशी वगैरे वस्तु उन्हांत वाळवाव्या, हातानें पुन्हां पुन्हां झटकाव्या, नंतर वर पाणी शिंपडावें कीं त्या पुन्हां वापरावयास योग्य झाल्या. बौधायनाच्या धर्मसूत्रांत तर असें म्हटलें आहे कीं, आपली शय्या, आपलें आसन, वस्त्र, स्त्री, मूल आणि कमंडलु हीं आपणांस शुद्ध, परंतु दुसऱ्यांस अशुद्ध. ह्या दोन वचनांचा एकत्र विचार करावा. भरलेली गादी पाण्यांत बुडवितां येत नाहीं, म्हणून तिला ऊन व झटका हा उपाय व्यवहार्य होता. पण बौधायनाचें म्हणणें व्यवहाराच्या पलीकडचें आहे. अंथरूण ही वस्तु मळानें अशुद्ध होत नाहीं, ती परक्याच्या स्पर्शानें होते; आणि स्वतःच्या बाबतींत ती मुळीं अशुद्धच नाहीं!

आमच्या घरांतून हा विचार ‘सोवळें’ आणि ‘ओवळें’ ह्या दोन शब्दांच्या रूपानें परवांपरवांपर्यंत नांदत होता. सोवळ्याचें धोतर अथवा लुगडें रोज स्वतःच्या हातानें पिळून उंच दांडीवर काठीनें वाळत घालावयाचें, आणि परटाकडून आलेलें वस्त्र कितीही पांढरें असलें तरी सोवळ्यास चालावयाचें नाहीं. अंथरूण हें जात्याच ओवळें. सकाळीं उठल्यावर त्यास शिवून स्वयंपाकघरांत जातां येत नसे. आतां जें जात्याच ओवळें, तें धुऊन सोवळें होणार नाहीं. मग तें वारंवार धुवावें कशाला? लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रें’ ह्या आत्मचरित्रांत त्यांच्या वडिलांच्या सोवळ्याची जी हकीकत आहे ती पुष्कळांच्या स्मरणांत असेल. बाजारांतून आणलेलें मीठ देखील त्या घरांत धुवून घेतलें जाई. मीठ धुण्यांत मळ काढण्याचा हेतु नव्हता हें उघड आहे. स्वच्छ आणि शुद्ध ह्या दोन कल्पना आमच्याकडे शेजारीं शेजारीं राहात होत्या, पण त्यांचा रोटीबेटीव्यवहार नव्हता.

अंथरुणाचे प्रकारही ह्या रिवाजास अनुकूलच होते. सामान्य कुटुंबांत खालीं सतरंजी किंवा घोंगडी आणि वर वाकळ किंवा पासोडी, एवढाच सरंजाम असे. ‘अंथरूण’ हा शब्द संस्कृत आस्तरणापासून आला, पण ‘चादर’ आणि ‘पलंगपोस’ हे फारसी. गादीवर घालावयाचें व नेमानें बदलावयाचें पांढरें वस्त्र ही वस्तु त्या शब्दांबरोबर प्रथम संपन्न वाड्यांत शिरली असावी. घोंगडी धुण्याची वस्तुच नव्हे. पासोडीविषयीं म्हणावयाचें तर मराठी वाङ्‌मयांत एकच पासोडी अमर झाली. अंबेजोगाईच्या दासोपंतांनीं (१५५१–१६१५) आपलें ‘पंचीकरण’ सुमारें ४० फूट लांब पासोडीवर लिहून काढलें, आणि ती आजवर टिकली. अर्थात् ती कोणी धुतली नाहीं म्हणून.

तरी पण अंथरुणें धुतलीं जात. बाळंतपण, आजार, सुतक, सण ह्या प्रसंगीं तर जातच. तीं धुणारा मात्र घरचा मनुष्य नसे. १९०९ सालीं छापून प्रसिद्ध झालेल्या कौटिलीय अर्थशास्त्रांत रजकांसाठीं जे नियम आहेत, ते वाचतांना आम्हांस नेहमीं गंमत वाटते. धोब्यानें लांकडी फळीवर किंवा गुळगुळीत दगडावरच वस्त्रें धुवावीं. इतरत्र धुतल्यास नुकसानीची भरपाई आणि सहा पणांचा दंड. मुद्गराची खूण असलेल्या वस्त्राखेरीज दुसरें वस्त्र अंगावर घालील तर तीन पण दंड. परक्याचें वस्त्र विकील, भाड्यानें देईल किंवा गहाण ठेवील तर बारा पण. साधें पांढरें धुणें एका रात्रींत परत द्यावें, आणि रंगविण्याच्या कामास रंगानुसार अधिक दिवस घ्यावे. मनूनेंही सांवरीच्या गुळगुळीत फळीवर हळूहळू धुवावें, एकाचीं वस्त्रें दुसऱ्याच्या वस्त्रांत मिसळूं नयेत, असें रजकास बजाविलें आहे. दोन हजार वर्षांत गिऱ्हाइकाच्या तक्रारी किती थोड्या बदलल्या आहेत पाहा!

महाराष्ट्रांत हें काम गांवच्या बलुतेदारांपैकीं परटाकडे होतें. वऱ्हाड-नागपुराकडे त्यास वरठी म्हणतात, गोमंतकांत मडवळ. परटाची खरी विद्या म्हणजे भट्टी. मळलेले कपडे पापडखाराच्या किंवा सज्जीच्या पाण्यांत बुचकळून, मोठ्या भांड्यावर रचून, खालच्या पाण्याची वाफ त्यांतून रात्रभर खेळवावयाची. सकाळीं नदीवर दगडावर आपटून खळबळावयाचे आणि वाळवंटांत किंवा हिरवळीवर उन्हांत पसरावयाचे. क्षार मळांतील स्निग्धांश सोडवितो, वाफ तंतु फुलविते, ऊन राहिलेला पिवळेपणा घालविते. आपटण्यानें चादरीचें आयुष्य कमी होई हें खरें, परंतु मळ राहात नसे. कोणाची चादर कोणती हें ओळखण्यासाठीं परीट बिब्ब्याच्या रसानें कोपऱ्यांत खूण करी. ती खूण भट्टीनेंही जात नाहीं. बिब्ब्यानें अंगावर फोड येतात हें आमच्या आजीबाईंस ठाऊक होतें. दुसऱ्या महायुद्धांत हिंदुस्थानांत आलेल्या अमेरिकन शिपायांच्या मानेवर व कमरेवर कपड्यांवरील खुणेच्या जागीं चट्टे उठूं लागले, तेव्हां १९४३ सालीं त्यांच्या लष्करी डॉक्टरांनीं ह्या विकारास धोब्याच्या खुणेचेंच नांव दिलें.

इतकें उपयुक्त काम करणाऱ्यास समाजानें काय दिलें? धान्याचा वांटा, सणाचें जेवण आणि खालचें आसन. बाळंतिणीचें व सुतकाचें धुणें तो धुई, म्हणून त्याच्या ठायीं कमीपणा चिकटला. दुसऱ्याचा विटाळ जो दूर करी तोच त्या विटाळाचा धनी ठरे. आणि ही शिडी येथेंच संपत नव्हती. गांवकुसाबाहेरच्या लोकांचें धुणें परीटही घेत नसे. वऱ्हाडांतील शेंडगांवीं १८७६ सालीं परटाच्या कुळांत जन्मलेले गाडगे महाराज पुढें हातीं खराटा घेऊन गांवोगांवचे रस्ते झाडीत हिंडले. ह्या घटनेंत आम्हांस केवळ योगायोग दिसत नाहीं.

भट्टीसाठीं लागणारा क्षार कोठून येई? पुष्कळ ठिकाणीं ओसाड जमिनीवर फुललेली खारी माती आणि लांकडाची राख ह्यांवर काम भागे. परंतु महाराष्ट्रांत ह्या द्रव्याची एक मोठी खाण निसर्गानेंच करून ठेविली होती. बुलढाणा जिल्ह्यांतील लोणारचें खारें सरोवर उल्कापातानें झालें हें आतां सर्वमान्य आहे, आणि २०२० सालीं तें रामसर यादींत समाविष्ट झालें. पूर्वीं मात्र त्याची कीर्ति काठावर सांठणाऱ्या सोड्याच्या क्षारांमुळें होती. त्या क्षारांच्या दल्ला, खुपल, पापडी, भुसकी अशा प्रती ठरलेल्या असत. अबुल फजलानें सोळाव्या शतकाच्या अखेरीस लिहिलेल्या ‘ऐन-इ-अकबरी’ंत वऱ्हाड सुभ्याचें वर्णन करतांना ह्या भागांत कांच आणि साबण करण्यास लागणारें सर्व साहित्य मिळतें व त्यावरील कराचें उत्पन्न चांगलें येतें, असें नमूद केलें आहे. म्हणजे इंग्रजांची वखार सुरतेस उघडण्यापूर्वींच वऱ्हाडांत साबणाचें साहित्य ही सरकारी उत्पन्नाची बाब होती! ‘साबण’ हा शब्द अरबीवरून आला कीं पोर्तुगीजांवरून, हा वाद पंडितांनीं खुशाल करावा. मूळ दोहोंचें लॅटिनच आहे.

आतां युरोपकडे वळूं. कारण साबणाबरोबर स्वच्छता आली असें म्हणणारांचा सर्व भर तिकडच्या उदाहरणावर असतो. अठराव्या शतकापर्यंत तिकडची गृहिणी चादरी कशा धुवीत असे? राखेनें. तागाच्या चादरी मोठ्या पिंपांत रचावयाच्या, वर फडक्यावर लांकडाची राख पसरावयाची आणि ऊन पाणी पुन्हां पुन्हां तींतून गाळावयाचें. नंतर हिरवळीवर ऊन व दंव. फ्रान्सच्या खेड्यांतून असें मोठें धुणें वर्षांतून दोन-तीनदांच निघे, आणि ज्या घरीं चादरींच्या चळती अधिक तें घर श्रीमंत, कारण तेवढे महिने न धुतां त्यास निभावतां येई. हॉलंडांतील हार्लेमचीं धुलाईचीं कुरणें प्रसिद्ध होतीं. तेथें क्षारानंतर आंबट ताकाचा उपयोग करीत. १७५६ सालीं एडिंबरोच्या फ्रान्सिस होम ह्यानें ताकाच्या जागीं सौम्य गंधकाम्ल सुचविलें आणि ह्या कामास लागणारा काळ पुष्कळ कमी केला. १७७४ सालीं शेले ह्यास क्लोरीन वायु सांपडला, बर्टोले ह्यानें १७८५ च्या सुमारास त्याचा कापड पांढरें करण्याकडे उपयोग दाखविला, आणि १७९९ सालीं ग्लासगोच्या टेनंटनें विरंजक चूर्णाचें पेटंट घेतलें. इकडे लेब्लांकनें मिठापासून सोडा करण्याची कृति १७९१ त काढली, त्यामुळें साबण स्वस्त होण्याचा मार्ग मोकळा झाला. तरीही इंग्लंडांत साबणावरचा कर १८५३ पर्यंत उठला नव्हता. तेव्हां आमचे लोक पापडखार वापरीत होते त्या काळीं साहेबाच्या देशांतील गरीब बाईही राखच वापरीत होती, हें विसरून चालणार नाहीं.

घरगुती साबणाची वडी तिकडे जितक्या उशिरां सार्वत्रिक झाली त्यानंतर फार थोडक्या वर्षांत ती आमच्याकडेही आली. लेव्हर बंधूंच्या सनलाइट साबणाच्या पेट्या कलकत्त्याच्या बंदरांत १८८८ सालीं उतरल्या. जुन्या मंडळींचा साबणाला विरोध होता तो त्यांतील चरबीमुळें, आणि तो विरोध त्यांच्या दृष्टीनें अगदीं तर्कशुद्ध होता. जें लावल्यानें वस्त्र ओवळें होतें त्यानें तें शुद्ध कसें होणार? १९१८ च्या सुमारास गोदरेज ह्यांनीं वनस्पति-तेलाचा साबण बाजारांत आणला तेव्हां ह्या आक्षेपाची धार बोथटली, आणि स्वदेशीच्या भावनेनें उरलेली अडचण दूर केली. तथापि नुसता साबण उपलब्ध झाला म्हणून चादर आठवड्याला धुतली जाऊं लागली असें नव्हे. हात साबणाकडे जावा असें मनांत कांहीं तरी घडावें लागतें.

तें घडलें रोगाच्या भीतीनें. फ्लॉरेन्स नाइटिंगेल बाईंनीं शुश्रूषेवरील आपल्या छोट्या पुस्तकांत (१८५९) बिछान्यावर एक स्वतंत्र प्रकरण लिहिलें. निरोगी मनुष्य देखील दिवसरात्रींत फुप्फुसांतून व त्वचेंतून तीन पाइंट तरी ओलावा बाहेर टाकतो. रोग्याचा तो ओलावा जातो कोठें? मुख्यतः बिछान्यांत. लोक धुतलेली चादर दमट राहूं नये म्हणून जपतात, पण रोग्याच्या घामानें भिजलेली चादर मात्र तशीच अंगाखालीं ठेवतात, असा त्यांचा टोमणा आहे. ह्या बाईंचा पुण्याच्या सार्वजनिक सभेशीं पुढें पत्रव्यवहार होता. जंतूंचा सिद्धान्त तेव्हां प्रस्थापित व्हावयाचा होता. कॉख ह्यानें क्षयाचा जंतु दाखविला तो १८८२ त आणि प्लेगचा जंतु सांपडला १८९४ त. दोनच वर्षांनीं, १८९६ च्या सप्टेंबरांत, मुंबईस मांडवीवर प्लेगचा पहिला रोगी ओळखला गेला.

पुण्याचा १८९७ चा इतिहास महाराष्ट्रास पाठ आहे. रँडचा कारभार, घरोघर झडत्या, आणि जूनमधील तें कृत्य. पण त्या हकीकतींतील एका गोष्टीकडे इतिहासकारांचें लक्ष कमी गेलें आहे. सोजीर घरांत शिरत तेव्हां जी वस्तु प्रथम रस्त्यावर येई व आगींत जाई ती अंथरूण ही होती. बौधायनाच्या म्हणण्याप्रमाणें जी वस्तु घरधन्यास शुद्ध व परक्यास अशुद्ध, ती परक्याच्या हातून भर रस्त्यांत, शेजाऱ्यांच्या डोळ्यांदेखत जळत होती. ह्यांत शास्त्र अगदींच नव्हतें असें नाहीं. उंदरावरील पिसवा रोग पसरवितात असें सिमाँ ह्यानें १८९८ त प्रतिपादन केलें, आणि पिसवांस गोधडीसारखा आसरा नाहीं. परंतु ज्या उद्दामपणानें हा उपाय योजला गेला त्यानें माणसांचीं मनें जितकीं दुखावलीं तितकीं रोगानेंही दुखावलीं नसतील. तरीही त्या संतापाखालीं एक गोष्ट घरोघर रुजली. अंथरुणांत डोळ्यांस न दिसणारें कांहीं तरी असतें, आणि तें सोवळ्या-ओवळ्याचें नसून निराळेंच आहे. परक्याच्या स्पर्शाची बाधा ती ही नव्हे. आपल्याच घरांत, आपल्याच अंगापासून ती निर्माण होते. १९०९ सालीं पुण्यास सेवासदन निघालें व तेथील विधवा भगिनी ससून रुग्णालयांत शुश्रूषा शिकूं लागल्या. रुग्णालयांतील ताणून घातलेली पांढरी चादर मध्यमवर्गाच्या घरांत येण्यास ह्या बायका बऱ्याच अंशीं कारण झाल्या असाव्या, असा आमचा तर्क आहे.

चादर घरीं धुवावयाची तर घरांत पाणी पाहिजे. मुंबईस विहार तलावाचें पाणी १८६० पासून नळांनीं येऊं लागलें, आणि हळूहळू नदीवरचें धुणें मोरींत आलें. महालक्ष्मीचा धोबीघाट एकोणिसाव्या शतकाच्या अखेरचा. म्हणजे व्यवसायी धोब्यासाठीं दगडी कुंड्यांची रांग आणि गृहिणीसाठीं घरांतील नळ, हीं दोन्ही एकाच पाणीपुरवठ्याचीं अपत्यें होत. पण पाणी म्हटलें कीं तें कोणास मिळत होतें हा प्रश्न टाळतां येत नाहीं. जोतीराव फुल्यांनीं १८६८ त आपल्या घरचा हौद अस्पृश्यांस खुला केला. सी. के. बोले ह्यांचा सार्वजनिक पाणवठे खुले करण्याचा ठराव मुंबईच्या कायदेमंडळांत १९२३ त मंजूर झाला. तरीही महाडच्या चवदार तळ्याचें ओंजळभर पाणी घेण्यासाठीं डॉ. आंबेडकरांस २० मार्च १९२७ रोजीं सत्याग्रह करावा लागला, आणि तें घेतल्याबद्दल लोकांनीं मार खाल्ला. ज्यांस विहिरीवर चढूं दिलें नाहीं, ज्यांचे कपडे परटानें घेतले नाहींत, त्यांच्या वाकळा मळकट असतात म्हणून नाक मुरडणें हा आमच्या उच्चवर्णीयांचा कित्येक शतकांचा उद्योग होता. त्याच वर्षीं डिसेंबरांत महाडास जमलेल्या स्त्रियांस डॉ. आंबेडकरांनीं स्वच्छ राहण्याविषयीं जो उपदेश केला, तो ह्या पार्श्वभूमीवर वाचावा. स्वच्छतेच्या इतिहासांतील ही घटना आम्ही कोणत्याही साबणाच्या शोधापेक्षां मोठी समजतों.

यानंतर जी कथा उरते ती शुभ्रतेच्या हव्यासाची. निळीची पुरचुंडी आपण सर्वांनीं पाहिली आहे. फ्रान्समध्यें गिमे ह्यानें १८२६ च्या सुमारास कृत्रिम अल्ट्रामरीन तयार केलें, त्यानंतर ही नीळ अतिशय स्वस्त झाली. तिनें मळ यत्किंचितही जात नाहीं. पिवळसर झांक निळ्या झांकीनें मारली जाते एवढेंच. १९२९ सालीं क्राइस नांवाच्या जर्मन रसायनज्ञानें घोडचेस्टनटच्या सालींतील एका द्रव्यानें कापड अधिक पांढरें दिसतें असें दाखविलें. तें द्रव्य न दिसणारे किरण घेऊन निळसर प्रकाश देतें. हल्लींच्या धुण्याच्या पुडींतून जें तेज येतें तें ह्याच जातीच्या द्रव्यांचें. सर्फ १९५९ त आली, निर्मा १९६९ त. ह्या पुडींचा एक खरा गुण सांगितलाच पाहिजे. जड पाण्यांत साबण फाटतो, त्याचा चिकट साका तंतूंत बसून चादर करडी पडते. ह्या नव्या द्रव्यांचें तसें होत नाहीं. ज्या गांवीं विंधनविहिरीचें पाणी आहे तेथील गृहिणीस ह्याचें महत्त्व सांगावयास नको. परंतु पांढरी दिसणारी चादर म्हणजे स्वच्छ चादर, हा जो समज जाहिरातींनीं करून दिला आहे, तो जुन्या सोवळ्याइतकाच डोळे मिटून घेतलेला आहे. मागें स्पर्शानें फसत होतों, आतां झळाळीनें फसतों.

आणि ह्या शुभ्रतेचें ओझें कोणाच्या डोक्यावर पडलें? रूथ श्वार्ट्झ कोवन ह्या अमेरिकन विदुषीनें १९८३ सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत असें दाखविलें आहे कीं, यंत्रें आल्यानें त्यांच्या देशांतील गृहिणीचें काम कमी झालें नाहीं. पूर्वीं चादरी धोबिणीकडे किंवा धुलाईच्या कारखान्यांत जात. यंत्र घरीं आल्यावर त्या परत घरीं आल्या, आणि स्वच्छतेचें मान वाढल्यामुळें अधिक वेळां धुतल्या जाऊं लागल्या. आमच्याकडे हा पालट यंत्राच्या कितीतरी आधीं, साबणाच्या वडीनें व नळानें घडविला. परटाचें बलुतें मोडलें, तो शहरांत जाऊन इस्त्रीचा धंदा करूं लागला, आणि चार हात लांबीची भिजलेली चादर उकिडवें बसून घासण्याचें, दुसऱ्या कोणाला हांक मारून दोन टोंकांनीं पिळण्याचें काम घरच्या बाईवर किंवा तिनें ठेविलेल्या मोलकरणीवर आलें. परटास निदान धान्याचा वांटा ठरलेला होता. आमच्या परिचयाच्या अनेक सुशिक्षित घरांत धुण्याचें यंत्र येऊन बरींच वर्षें झालीं. चादरी काढून त्यांत घालणारा हात मात्र बहुधा अद्यापि एकच आहे. वसतिगृहांत राहणाऱ्या आमच्या तरुण विद्यार्थ्यांच्या चादरी पाहिल्या म्हणजे तो हात दूर असतांना काय होतें ह्याची प्रचीति येते.

आतां थोडें व्यवहाराविषयीं, कारण जुन्या रीतींपैकीं काय टाकावें व काय राखावें हें इतिहासाच्या आधारें सांगतां येतें. रक्ताचे व घामाचे डाग प्रथम थंड पाण्यांतच भिजवावे. ऊन पाण्यानें ते तंतूंत घट्ट बसतात. परीटही भट्टीपूर्वीं कपडे थंड पाण्यांतून काढी तें ह्याचसाठीं असावें. उलट भट्टीचें तत्त्व आपण सोडलें ही चूक झाली. हॉलंडांतील लायडन येथील संशोधकांनीं १९६० नंतरच्या दशकांत असें सिद्ध केलें कीं, घरांतील धुळीनें ज्यांस दमा होतो त्यांतील पुष्कळांचें कारण म्हणजे बिछान्यांत राहणारा, डोळ्यांस न दिसणारा एक सूक्ष्म जीव. आपल्या त्वचेच्या कोंड्यावर तो जगतो. थंड पाण्यांतील धुण्यानें तो मरत नाहीं. सुमारें ६० अंश उष्णतेचें पाणी लागतें. परटाच्या वाफेंत तो सहज मेला असता. आणि उन्हाविषयीं म्हणाल तर, सूर्यप्रकाशानें जंतु मरतात हें डाउन्स व ब्लंट ह्या दोघां इंग्रजांनीं १८७७ सालींच दाखविलें होतें. देवलाच्या वचनांतील ऊन आणि झटका ह्यांस निराळ्या कारणानें कां होईना, पुरावा मिळाला. तेव्हां पांढरी सुती चादर ऊन पाण्यांत भिजवावी, भर दुपारीं पसरावी व उलटीसुलटी करावी. सोलापुरी चादरीचा रंगीत प्रकार मात्र पहिल्या धुण्यास निराळा ठेवावा, थंड पाण्यांत धुवावा आणि सावलींत वाळवावा. जें ऊन पांढऱ्यास तेज देतें तेंच रंगास खातें.

चादर विरते ती नेहमीं मधोमध, कारण देहाचा भार तेथें. इंग्लंडांत महायुद्धाच्या टंचाईंत बायकांनीं अशा चादरी मधून उभ्या फाडून, कडेचे जाड भाग मध्यें जोडून पुन्हां वापरल्या. आमच्याकडे त्यासाठीं युद्ध लागलें नाहीं. कडेच्या पट्ट्या गोधडीच्या आंत जात, मधला तलम तुकडा बाळाच्या दुपट्यास राखून ठेवीत, कारण नवें कापड तान्ह्याच्या अंगास टोंचतें. आणि दुपट्यानेंही अंग टाकलें म्हणजे त्याचें चुलीजवळचें फडकें होई, फडक्याचें पोतेरें. गोधडीस मात्र पाणी क्वचितच लागे. ती वर्षांतून एकदां, दसऱ्याच्या आधीं, नदीवर जाई, भिजल्यावर दोघांस उचलावी लागे, आणि वाळण्यास तिला दोन दिवसांचें कडक ऊन लागे.